एकाच खोलीचे तीन प्रहर: लायटिंगच्या परीक्षेचे दहा आठवडे

९ जानेवारीला नोंदणी केली, २१ मार्चला निकाल आला. मधल्या काळात एकाच खोलीच्या एकाच कोपऱ्याकडे मी जितकं बघितलं, तितकं राहत्या घरातल्या कुठल्याच गोष्टीकडे आजवर बघितलं नव्हतं. थ्रीडी लायटिंगच्या (संगणकात उभ्या केलेल्या दृश्याला उजेड देण्याच्या) ऑनलाइन अभ्यासक्रमाचं शेवटचं मूल्यांकन द्यायला निघालेल्यांना, किंवा नुसतंच "आपला रेंडर, म्हणजे संगणकाने हिशेब करून काढलेलं चित्र, खोटा का दिसतो" म्हणून रात्र रात्र जागणाऱ्यांना उपयोग व्हावा, म्हणून सगळं क्रमाने लिहिते आहे.

विषय सांगायला सोपा होता. खरी खोली निवडायची, तिचा सकाळचा, दुपारचा आणि रात्रीचा फोटो काढायचा आणि तेच तीन क्षण थ्रीडीत उभे करायचे. नियम मात्र बारीक होते. फ्रेम १९२०×१०८०. फाइल १६ बिट ईएक्सआर (प्रखर प्रकाशाचे आकडेही जपणारा चित्राचा प्रकार), पासेस, म्हणजे चित्राचे घटक थर, वेगळे. प्रत्येक फ्रेमचा रेंडर आपल्याच मशीनवर ४० मिनिटांच्या आत. बाहेरून घेतलेल्या प्रत्येक मॉडेलची, टेक्स्चरची आणि एचडीआरआयची (सीनला भोवतालचा प्रकाश देणाऱ्या चौफेर फोटोची) यादी, परवान्यासकट. आणि एक पानाचं टिपण: सीनमधला प्रत्येक दिवा तिथे का आहे? मुदत सहा आठवडे. नोंदणीच्या फॉर्ममध्ये ग्राफिक्स कार्ड, मेमरी आणि सॉफ्टवेअरची आवृत्ती विचारली होती. नंतर आवृत्ती बदलली तर कळवणं बंधनकारक होतं. म्हणून पहिल्याच दिवशी ब्लेंडरचं, म्हणजे माझ्या थ्रीडी सॉफ्टवेअरचं, अपडेट थांबवून ठेवलं. तुम्हीही ठेवा.

पहिला आठवडा सॉफ्टवेअर उघडलंच नाही. हे मला आधी करून गेलेल्या एकीने सांगितलं होतं आणि तिचे उपकार मोठे आहेत. कॅमेरा तिपाईवर लावला, रॉ फॉरमॅट घेतला, आयएसओ आणि अॅपर्चर कायम ठेवलं आणि फक्त शटर बदलत गेले. १८ टक्के प्रकाश परतवणारं राखाडी कार्ड आधी उन्हाच्या पट्ट्यात धरलं, मग त्याच टेबलाच्या सावलीतल्या बाजूला. उन्हात योग्य एक्सपोजर १/१००० सेकंदाला मिळालं, सावलीत १/३० ला. म्हणजे जवळपास ३३ पट, पाच स्टॉपचा फरक (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा). हा आकडा वहीत लिहून त्याभोवती चौकट काढली. पुढे सगळा सीन या एका गुणोत्तरावर उभा राहिला.

यामागचं कारण सांगते. भर उन्हात जमिनीवर साधारण एक लाख लक्स प्रकाश पडतो, रात्री दिवा लावलेल्या खोलीत शे-दोनशे. डोळा या दोन्हींशी इतक्या सहज जुळवून घेतो की फरक हजारभर पटींचा आहे हे आपल्या लक्षातच येत नाही. त्यामुळे डोळ्याच्या अंदाजाने दिव्यांची ताकद लावली की ऊन हमखास मवाळ होतं आणि सावली हमखास उजळ. माझे आधीचे सगळे रेंडर तसेच होते. उन्हाचा पट्टा आणि सावली यांत जेमतेम दीड स्टॉप.

त्याच आठवड्यात खिडकीच्या गजांनी मला दोन दिवस खिळवून ठेवलं. गज १२ मिलिमीटर जाडीचे. खिडकीलगतच्या टेबलावर त्यांच्या सावल्या ठसठशीत पडत होत्या, मधोमध काळी रेघ आणि दोन्ही कडा किंचित विरघळलेल्या. तेच गज दोनेक मीटरवरच्या फरशीवर मात्र नुसत्या फिकट पट्ट्या टाकत होते, काळी रेघ कुठेच नाही. सूर्य आकाशात बिंदू नाही, साधारण अर्ध्या अंशाची, ०.५३ अंशाची तबकडी आहे, म्हणून असं होतं. सावलीची अस्पष्ट कड दर मीटर अंतरामागे साधारण ९ मिलिमीटरने रुंद होत जाते. १२ मिलिमीटरच्या गजाची पूर्ण गडद सावली सुमारे १.३ मीटरवर संपते. त्यापुढे गज सूर्याला पूर्ण झाकूच शकत नाही. फूटपट्टी घेऊन फरशीवर बसले, पट्ट्या मोजल्या. हिशेब जुळला तेव्हा झालेला आनंद अजून आठवतो.

माझ्या जुन्या फायलींमधून उचललेल्या सूर्याचा कोन, म्हणजे तबकडीचा आकार, शून्य होता. ब्लेंडरमध्ये तो मुळात ०.५२६ अंश असतो. मीच कधीतरी "सावली धारदार हवी" म्हणून तो काढून टाकला होता.

दुसऱ्या आठवड्यात मॉडेलिंग केलं. यावर फार लिहीत नाही. फक्त दोन गोष्टी. मोजमापं टेपने घ्या आणि सीन खऱ्या मीटरमध्ये बांधा, कारण प्रकाश अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होतो आणि खोली दुप्पट मोठी बांधली की दिव्याचे आकडे चौपटीने चुकतात. आणि प्रत्येक कडेला बारीक बेव्हल द्या. खऱ्या टेबलाची कड एक-दोन मिलिमीटरने गोल असतेच आणि तिच्यावर चमकणारी पातळ रेघ नसेल, तर वरचं लायटिंग कितीही चांगलं असो, वस्तू कागदातून कापल्यासारखी दिसते.

मग भिंती. पांढरी भिंत म्हणून मी रंग १.० ठेवला होता. घरातला पांढरा रंग प्रत्यक्षात ८० टक्क्यांच्या आसपास प्रकाश परतवतो. हिशेब करून बघा: ०.८ च्या भिंतीवरून चार उड्या झाल्यावर ४१ टक्के प्रकाश उरतो, आठ उड्यांनंतर १७ टक्के. १.० ची भिंत काहीच गिळत नाही. प्रकाश खोलीत फिरतच राहतो, सावल्या धुऊन निघतात आणि नॉइज (चित्रातले दाणेदार ठिपके) लवकर बसत नाही. भिंती ०.८ वर आणल्या आणि कोपऱ्यांना आपोआप वजन आलं. सायकल्समध्ये (ब्लेंडरच्या रेंडर करणाऱ्या इंजिनात) डिफ्यूज बाउन्सेस, म्हणजे या उड्या, मुळात ४ असतात. खोलीच्या आतल्या सीनसाठी मी ८ केले. त्यापुढे वाढवून वेळ जात होता, चित्रात फरक दिसत नव्हता.

खुर्चीवर तांबडी चादर टाकलेली होती. फोटो मोठा करून बघताना दिसलं, की तिच्या शेजारच्या पांढऱ्या भिंतीचा वीतभर पट्टा तांबूस झाला आहे. वर जाता जाता ती झाक विरत जाते, आणि टेबलाच्या खालच्या बाजूलाही तीच. मला लगेच कॉर्नेल बॉक्स आठवला. १९८४ साली कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी एक साधी पेटी बांधली आणि तिचं संगणकावर काढलेलं चित्र खऱ्या पेटीशी ताडून बघण्याची पद्धत रूढ केली. आज प्रचलित असलेल्या रूपात तिची एक भिंत लाल, समोरची हिरवी आणि बाकीच्या पांढऱ्या असतात. पांढऱ्या भिंतींवर सांडलेला लाल-हिरवा रंग हाच तिचा धडा. तो धडा मी पाठ केलेला होता, आणि स्वतःच्या खोलीत इतकी वर्षं बघितला नव्हता.

तिसरा आणि चौथा आठवडा सकाळच्या फ्रेममध्ये गेला. सूर्याची दिशा ठरवायला ब्लेंडरचं सन पोझिशन अॅडऑन वापरलं: अक्षांश, रेखांश, तारीख, वेळ दिली की सूर्य जागेवर बसतो. आकाशासाठी पॉली हेवन या संकेतस्थळावरून एचडीआरआय घेतला. तिथलं सगळं सीसी झीरो (कुणीही मुक्तपणे वापरावं अशा) परवान्याखाली असल्यामुळे यादीत एका ओळीत काम झालं. खिडकीला काच लावल्याबरोबर खोली अंधारली आणि नॉइजने भरली. काचेतून गेलेला प्रकाश सायकल्सला कॉस्टिक्स (काचेतून किंवा चकचकीत पृष्ठावरून वळून पडणारा उजेड) म्हणून शोधावा लागतो आणि तो कष्टाने सापडतो. घाईत काचच काढून टाकली. ही चूक पुढे नडली.

खिडकीच्या चौकटीत एरिया लाइट (सपाट पृष्ठाचा दिवा) ठेवून त्याला पोर्टल केलं. पोर्टल स्वतः प्रकाश देत नाही, आकाशाकडे जाणारे किरण कुठून सोडायचे एवढंच सांगतो. त्याचं तोंड आतल्या बाजूला हवं. माझं आधी बाहेर होतं, तासभर कळलं नाही.

तरी टेबलाखाली फार काळोख वाटत होता. मी तिथे एक मऊ एरिया लाइट ठेवला. कपाटाच्या वर एक. दाराच्या बाजूने एक निळसर. प्रत्येक दिवा ठेवला की क्षणभर बरं वाटायचं.

पहिला पूर्ण रेंडर २ तास ५० मिनिटं चालला. मर्यादा ४० मिनिटांची. सॅम्पल्स (दर पिक्सेलमागे सोडलेले किरण) नुसते कमी करून भागत नाही, कारण या गणितात नॉइज सॅम्पल्सच्या वर्गमुळाच्या हिशेबाने कमी होतो: निम्मा नॉइज हवा तर चौपट सॅम्पल्स. १९८६ साली जेम्स काजिया यांनी रेंडरिंग इक्वेशन (पृष्ठांवरून प्रकाश कसा परततो त्याचं समीकरण) मांडलं आणि त्याच निबंधात पाथ ट्रेसिंगची (किरण यादृच्छिक सोडून प्रकाशाच्या वाटा शोधण्याची) वाट दाखवली, तेव्हापासून हा नियम पाठीशी आहेच. म्हणून किरण वाया कुठे जातात ते शोधत गेले. कॉस्टिक्स बंद. इनडायरेक्ट क्लॅम्प (उडून आलेल्या प्रकाशाची कमाल मर्यादा) १० वरून ५ वर, म्हणजे चुकार पांढरे ठिपके गेले. अडॅप्टिव्ह सॅम्पलिंगचा थ्रेशोल्ड (किती नॉइज उरला की थांबायचं ती मर्यादा) ०.०१ वरून ०.०३ वर. शेवटी ओपन इमेज डिनॉइज हा डिनॉइजर (नॉइज पुसणारं साधन), अल्बेडो (मूळ रंग) आणि नॉर्मल (पृष्ठाची दिशा) पासेस जोडून. ते पासेस दिले नाहीत तर पुस्तकांच्या पाठीवरची अक्षरं पुसली जातात. ३६ मिनिटांवर आले. पण डिनॉइजरवर सगळा भार टाकू नका. सॅम्पल्स फार कमी असताना फरशीवरच्या गजांच्या फिकट पट्ट्या त्याने नॉइज समजून साफ पुसल्या होत्या.

४ फेब्रुवारीला तीनही फ्रेम पाठवल्या. आधी फाइलच्या नावात मोकळी जागा होती म्हणून सिस्टीमने सगळंच परत केलं. मग नावं बदलली, पण आतल्या यादीत जुनीच राहिली होती म्हणून दुसऱ्यांदा परत. तिसऱ्या वेळी पोचपावती आली. अपलोडला एकूण सव्वादोन तास लागले. आधी नावांचा नियम शब्दन् शब्द वाचून एक रिकामी फाइल पाठवून बघितली असती, तर संध्याकाळ वाचली असती.

अकरा दिवस काही कळलं नाही. त्या दिवसांत मी फाइल उघडली नाही, हे मात्र बरं केलं.

१५ फेब्रुवारीला उत्तर आलं: सुधारणेसाठी परत, मुदत २१ दिवस. शेरे तीनच होते. पहिला: सूर्य दोन ठिकाणी आहे. दुसरा: रात्रीच्या खिडकीत खोली दिसत नाही. तिसरा: टेबलाखालचा दिवा कशासाठी?

वाचून पोटात खड्डा पडला. दुसऱ्या दिवशी शांतपणे बसले आणि तिन्ही शेऱ्यांतली एकही गोष्ट खोडून काढता आली नाही.

दोन सूर्य असे सापडले: सीनमध्ये कॅमेऱ्यासमोर एक आरशासारखा गोळा आणि एक राखाडी गोळा ठेवला. आरशाच्या गोळ्यावर दोन चमका. एक माझ्या सूर्याची, दुसरी एचडीआरआयमधल्या सूर्याची. राखाडी गोळ्यावर मुख्य उजळ बाजूखेरीज एक हलकी दुसरी उजळ बाजू. एचडीआरआय आडवा फिरवून दिशा जुळते, पण सूर्याची उंची जुळत नाही. म्हणून त्या चित्रातल्या प्रखर किमती एका कमाल मर्यादेवर छाटल्या. आकाश राहिलं, त्याचा सूर्य गेला. दोन गोळ्यांची ही तपासणी पाच मिनिटांत होते. आता कुठलाही सीन उघडला की मी आधी ते गोळेच ठेवते.

खिडकीचा शेरा वाचून रात्री खरी खिडकी बघायला गेले. आत दिवा, बाहेर अंधार, आणि काचेत अख्खी खोली: दिवा, पुस्तकं, तांबडी चादर आणि मी. काच समोरून येणाऱ्या प्रकाशातला जेमतेम ४ टक्के एका पृष्ठावरून परतवते, दोन्ही पृष्ठं धरून साधारण ८ टक्के. दिवसा बाहेरच्या उजेडापुढे ते दिसत नाही, रात्री तेवढंच दिसतं. काच परत बसवली आणि लाइट पाथ नोड (किरण कुठल्या प्रकारचा आहे ते सांगणारी जोडणी) वापरून शॅडो आणि डिफ्यूज किरणांसाठी ती पारदर्शक केली, कॅमेऱ्यासाठी मात्र खरी काच ठेवली. प्रकाशही आत येतो, प्रतिबिंबही राहतं.

तिसऱ्या शेऱ्याने सगळ्यात जास्त काम काढलं. टिपणात त्या दिव्यापुढे मी "टेबलाखालचा काळोख कमी करण्यासाठी" असं लिहिलं होतं. खोलीत असा दिवा नव्हताच. फोटोत टेबलाखाली खरंच काळोख होता, आणि त्या काळोखात फरशीवरून उडालेल्या उन्हाची एक कोमट झाक होती, जी माझ्या एरिया लाइटने झाकून टाकली होती. मी तिन्ही जादा दिवे काढले. मग वहीतली चौकट उघडली आणि सूर्याची ताकद वाढवत नेली, तोवर, जोवर रेंडरमधलं राखाडी कार्ड उन्हात आणि सावलीत पाच स्टॉपवर येत नाही. मग एक्सपोजर कॅमेऱ्यासारखं खाली आणलं. सूर्य प्रखर झाल्यावर फरशीवरचा पट्टाच दिवा झाला. त्यानेच छताला, टेबलाच्या पोटाला आणि भिंतीला उजेड दिला. चादरीची तांबूस झाकही तेव्हाच उमटली. त्याआधी ती माझ्या निळसर दिव्याखाली दबलेली होती.

एवढी प्रखरता दाखवायला व्ह्यू ट्रान्सफॉर्मही (प्रकाशाचे आकडे पडद्यावरच्या रंगांत उतरवण्याची पद्धत) तसा हवा. स्टँडर्डमध्ये उन्हाचा पट्टा पिवळाजर्द होऊन एकदम फाटत होता. २०२३ च्या ब्लेंडर ४.० पासून एजीएक्स मूळ सेटिंग म्हणून येतं. त्यात प्रखर रंग हळूहळू पांढऱ्याकडे जातात, फिल्मवर जातात तसे. फोटोशी तुलना करताना कॅमेऱ्याने बनवलेला जेपेग घेऊ नका, त्यावर कॅमेऱ्याची स्वतःची रंगसंगती चढलेली असते. रॉ फाइल साध्या सेटिंगने डेव्हलप करा. व्हाइट बॅलन्स मी तिन्ही फोटोंत ६५०० केल्व्हिनला बांधून ठेवला, कारण सायकल्सच्या लेखी पांढरा तोच.

रात्रीच्या फ्रेममध्ये आकड्यांचा एक मोठा सापळा आहे. ब्लेंडरमधला वॉट विजेच्या बिलातला वॉट नाही, बाहेर पडणाऱ्या प्रकाशाचा आहे. ८०० ल्युमेनच्या एलईडी दिव्यासाठी साधारण २ वॉट पुरतात. मी ६० लिहिले होते आणि मग एक्सपोजर ओढत बसले होते. रंगासाठी ब्लॅकबॉडी नोड (तापमानावरून रंग काढणारा), २७०० केल्व्हिन. छतातल्या झोताच्या दिव्यासाठी उत्पादकाची आयईएस फाइल (दिवा कुठल्या दिशेला किती उजेड देतो त्याचं मोजमाप) लावली आणि भिंतीवर खऱ्यासारखा कमानदार उजेड पडला. टेबलावरच्या शेडच्या दिव्याला मात्र आयईएस लावू नये असं माझं मत झालं. त्या फायलीतलं मोजमाप लांबून घेतलेलं असतं, हातभर अंतरावरच्या भिंतीवर ते पटत नाही. शेड प्रत्यक्ष मॉडेल केली, आत लहानसा गोल दिवा ठेवला. नॉइज वाढला, रेंडर ३९ मिनिटांवर गेला, पण शेडच्या वरच्या तोंडातून छतावर पडणारं वर्तुळ बरोबर आलं.

दुपारच्या फ्रेमला दोन दिवसही लागले नाहीत. त्या वेळी ऊन थेट आत येत नव्हतं, नुसतं आकाश. सूर्य बाहेरच्या भिंतीवर, पोर्टल जागेवर, बस.

नवं टिपण लिहिताना सकाळच्या फ्रेमपुढे दोनच ओळी राहिल्या: सूर्य आणि आकाश. दुपारपुढेही त्याच दोन. रात्रीपुढे तीन, दोन दिवे आणि बाहेरचा उरलासुरला उजेड. आधीच्या टिपणात मिळून सतरा ओळी होत्या. ६ मार्चला पाठवलं, या वेळी फाइलींची नावं दुसऱ्याकडून तपासून घेऊन. पोचपावती चार मिनिटांत आली. सगळा हिशेब बघितला तर कामाचे साधारण १३० तास, त्यात रेंडर चालू असताना नुसती वाट बघण्याचे चाळीसेक. त्या चाळीस तासांसाठी एक सूचना: चाचणीचे रेंडर २५ टक्के आकाराचे करा. दिव्यांचं गुणोत्तर तेवढ्यातही तपासता येतं आणि वेळ सोळाव्या हिश्श्यावर येतो.

२१ मार्चला दुपारी मेल आला: स्वीकारलं. खाली एक शेरा होता, की सकाळच्या फ्रेममधला पडदा जाड पुठ्ठ्यासारखा वाटतो.

खरं आहे. पातळ कापडातून ऊन आरपार येतं तेव्हा त्याच्या चुण्या जिथे दुमडतात तिथे ते दोनदा गाळलं जातं आणि रंग गडद होतो. माझ्या पडद्याला एकच ट्रान्सल्युसंट शेडर (उजेड आरपार झिरपू देणारं सेटिंग) आणि चुण्या जेमतेम चार. काल सकाळी तिपाई पुन्हा लावली आहे. राखाडी कार्ड पडद्यापुढे आणि पडद्यामागे धरून बघितलं, फरक अडीच स्टॉपचा भरला.